हरवलेल्या बाईटच्या मागावर

मेमरीचा आलेख तासभर बघत बसलं तरी सपाटच दिसतो. कालचा आकडा आजच्या आकड्याशेजारी मांडला, की मग चढ कळतो. प्रोग्राम मेमरी घेतोय, परत करत नाहीये.

इंजिनिअर आधी रांग तपासते. झीरोएमक्यू ही प्रोग्रामांमध्ये संदेशांची ने-आण करणारी लायब्ररी. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत रांगेला आपणहून मर्यादा नसे; तिसरीपासून ती १,००० संदेशांवर आली. रांग फुगली तर ती गळती नव्हे, ते संदेश आपल्या पाळीची वाट बघत असतात. इथे मात्र रांग रिकामी आहे.

सी भाषेत संदेश घेण्याचं काम तीन टप्प्यांचं. 'इनिट'ने रिकामा डबा तयार करायचा, 'रिसीव्ह'ने त्यात संदेश घ्यायचा, काम झालं की 'क्लोज'ने डबा मोकळा करायचा. आताच्या आवृत्त्यांत हा डबा ६४ बाईटचा असतो. जेमतेम तीसेक बाईटचा संदेश त्यातच मावतो. मोठ्या संदेशाची जागा बाहेर असते आणि डब्यात राहतो फक्त तिचा पत्ता. त्यामुळे टेस्टमध्ये 'हॅलो' पाठवून बघितलं, तर 'क्लोज' विसरल्याचं कधी कळतच नाही.

ती प्रत्यक्षातले १,००० संदेश नोंदवते आणि व्हॅलग्राइंडखाली पुन्हा सोडते. ज्युलियन सीवर्ड यांनी सुरू केलेलं हे साधन प्रत्येक वाटप टिपून ठेवतं. त्याखाली प्रोग्राम वीस-तीस पट मंदावतो. मग तीच नोंद दोनदा. त्याच्या अहवालातला 'डेफिनेटली लॉस्ट'चा, म्हणजे पत्ताच न उरलेल्या मेमरीचा, आकडा दुप्पट होतो. म्हणजे सुरुवातीचा एकदाचा खर्च नाही, संदेशामागे काहीतरी सांडतंय.

अहवाल बोट दाखवतो लायब्ररीकडे. पण तो फक्त जागा कुठे घेतली ते सांगतो; ती सोडायची कोणी राहिली, हे त्यात नसतं. संदेश हाती आला की सोडण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणून ती स्वतःच्या टीमचा लूप उघडते.

प्रत्येक फेरीला नवं 'इनिट'. बिघडलेला संदेश दिसला की 'कंटिन्यू', थेट पुढची फेरी. 'क्लोज' त्याच्या खाली राहतं. पुढचं 'इनिट' डब्यातला पत्ता पुसतं. जागा अडलेलीच, तिच्यापर्यंत जायला वाट नाही. बिघडलेले संदेश अधूनमधूनच येतात, म्हणून चढ इतका संथ.

'रिसीव्ह' डब्यातलं जुनं स्वतःच मोकळं करतं. म्हणून ती 'इनिट' लूपच्या वर नेते, 'क्लोज' लूप संपल्यावर ठेवते आणि तीच नोंद पुन्हा चालवते. 'डेफिनेटली लॉस्ट'समोर शून्य.

मग टेस्टमधला 'हॅलो' खोडून ती तिथे दोनशे बाईटचा, मुद्दाम बिघडवलेला संदेश लिहिते.