आईची वही

आजीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि माझ्या मुलीने विचारले, "पप्पा, पणजी मुंबईला कधी आली?" काका म्हणाले, धम्मदीक्षेच्या आधी. आत्या म्हणाली, छे, नंतर. मग 14 ऑक्टोबर 1956 रोजी आजी नागपूरला होती की नव्हती? जमलेल्या नातेवाइकांत कोणालाच सांगता येईना. मी कारकून माणूस. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक टाकतो. नव्वद वर्षे जगलेल्या बाईची आमच्या घरात एका ओळीची नोंद नाही, याची त्या दिवशी लाज वाटली.

आई आहे तोवर तरी लिहू, म्हणून शंभर पानी वही आणली. पहिल्याच दिवशी फसलो. "आई, जन्मापासून सांग," म्हणालो. ती म्हणाली, "काय सांगायचं रं? कष्ट केले, भाकर खाल्ली." झाले! वही आठवडाभर कोरी.

मग एका रविवारी सहज विचारले, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचीस, तेव्हा सुकडी कशात आणायचीस?"

"पदरात," ती म्हणाली, आणि सुटलीच. तेव्हा ती चौदा वर्षांची. खडी फोडताना बोटांना चिंध्या बांधायची. सुकडी वाटेत खाऊन टाकली म्हणून मामाने मारले. पाण्याच्या पिंपापासून आपल्या बायांना लांब बसवत, हे तिने मला पंचेचाळीस वर्षांत कधी सांगितले नव्हते. मी विचारलेच नव्हते.

म्हणून बंधूभगिनींनो, जन्मापासून सुरुवात करू नका. एक वस्तू, एक दिवस धरा. साल आठवत नसेल तर दुष्काळ, संप, कोणाचे लग्न, यांच्या आधी की नंतर ते विचारा. बोलणे आहे तसेच लिहा. मी आधी आईची भाषा 'शुद्ध' करीत होतो, वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "ही कोण बाई?"

सवड नाही, शिक्षण नाही, असे आपण म्हणतो. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून लिहीत. घरच्यांना कळू नये म्हणून ते कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. 1986 साली त्याचेच 'जिणं आमुचं' हे पुस्तक आले. आपले काही छापून यायलाच पाहिजे असे नाही.

आमच्या वहीची एकवीस पाने झालीत. काल मी पेन मिटले तशी आई म्हणाली, "उद्या बस परत. लाल मिलोच्या भाकरीचं राहिलंय."