स्नोमोबाइलला बर्फ किती लागतो?

काश्मीरमधल्या गुलमर्गच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी लांबल्या, फेब्रुवारीअखेर एकदाचा बर्फ पडला आणि 9 ते 12 मार्च 2025 ला त्या पार पडल्या. पदकांची चर्चा झाली. त्याच परिसरात पर्यटकांना स्नोमोबाइलवर फिरवून घर चालवणाऱ्यांचं त्या कोरड्या आठवड्यांत काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. सुट्ट्या लागल्या की पुण्या-नाशिकची कितीतरी कुटुंबं गंडोला या रोपवेने 3,000 मीटरवरच्या कोंगडोरीला पोहोचतील आणि आयुष्यात पहिल्यांदा या गाडीवर बसतील. बसण्याआधी त्यांनी एवढं जाणून घ्यावं की स्नोमोबाइलला बर्फ फक्त रस्ता म्हणून लागत नाही.

गाडीला पुढे दिशा देणाऱ्या दोन स्की असतात आणि मागे दातेरी रबरी पट्टा. हा पट्टा प्लास्टिकच्या लांब घसरपट्ट्यांवरून फिरतो. त्या घसरपट्ट्यांना वंगण पुरवतो तो चाकांखालून उडावा तसा मागे उडणारा बर्फच. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांत तर सीटखालच्या पोकळीत उष्णता बाहेर टाकणारे भाग असतात. उडालेला बर्फ त्यांच्यावर आपटतो, वितळतो आणि इंजिन थंड राहतं. पंख्यावर थंड होणाऱ्या साध्या गाड्यांचं इंजिन पातळ बर्फावरही तग धरतं, पण त्यांच्याही घसरपट्ट्या तापतातच. शिवाय खालचं कुरण सोलून निघतं ते वेगळंच. ज्या हिरवळीसाठी आपण मे महिन्यात गुलमर्गला जातो, तिच्यावर जानेवारीत या पट्ट्याचे दाते फिरलेले असू शकतात.

हे यंत्र मुळात मौजेसाठी जन्मलं नाही. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए या मुलाने 1922 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, फोर्ड गाडीचं जुनं इंजिन आणि विमानासारखा पंखा लावून बर्फावर चालणारी घसरगाडी बनवली. उघड्या पंख्याचा धोका पाहून वडिलांनी ती मोडायला लावली. पुढे 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातल्या संसर्गाने दगावला. रस्ते बर्फाने बंद होते, त्यामुळे इस्पितळ गाठता आलं नाही. 1937 मध्ये दातेरी चक्र आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट त्याला मिळालं, आणि त्यावर बांधलेल्या बंदिस्त बर्फगाड्यांतून माणसांची ने-आण सुरू झाली. 1948 मध्ये क्युबेकने हिवाळ्यात रस्ते मोकळे करण्याचा कायदा केला, तशी या मोठ्या गाड्यांची मागणी घसरली. मग 1959 मध्ये आली एक-दोघांना बसता येणारी हलकी ‘स्की-डू’. आज आपण जिच्यावर बसून फोटो काढतो, ती या ‘स्की-डू’च्याच घराण्यातली. त्या बापाची गोष्ट कोंगडोरीच्या तिकीटखिडकीजवळ ठळक अक्षरांत लावायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता चालवण्याविषयी. गुलमर्गमध्ये बहुतेकदा चालक पुढे आणि पर्यटक मागे बसतो. नवख्यासाठी ते योग्यच. हँडल हातात मिळालंच, तर स्कूटरच्या दोन सवयी आधी सोडाव्या लागतात. इथे अ‍ॅक्सिलरेटर मनगटाने पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. घाबरून मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो आणि गाडी उसळते. दुसरी सवय पाय टेकवण्याची. दोनशे किलोंहून जड गाडी कलंडू लागली की पाय बाहेर काढू नये, तो खाली सापडतो. आडव्या उतारावर अंग नेहमी डोंगराच्या बाजूला झुकवायचं. इंजिन बंद करणारी दोरी कपड्याला अडकवून घ्यायची; चालक पडला की गाडी आपोआप थांबते. या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा जोर कमी पडतो आणि आपला दमही. आल्या दिवशीच धावपळ नको.

आणि हिमस्खलनाविषयी. आवाजाने हिमकडा कोसळतो, ही सिनेमाने रुजवलेली समजूत. खरं कारण वजन. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर ताज्या बर्फाचा थर कमकुवत थरावर बसलेला असतो, आणि माणसाचं किंवा गाडीचं वजन पडलं की तो थर सुटतो. 22 फेब्रुवारी 2024 ला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणून शोधयंत्र, लांब सळई आणि फावडं बरोबर असणाऱ्यांनीच तिकडे जावं. पहिल्या फेरीला सपाट, आखलेली वाटच हवी. ‘भाईजान, थोडा और ऊपर’ हा हट्ट धरू नये. कमाईचे दिवस मोजकेच उरलेल्या चालकाला तो मोडणं जड जातं.

म्हणूनच फेरी काढायची की नाही, हा निर्णय चालकावर सोडू नये. बर्फाची किमान जाडी ठरवावी, ती रोज सकाळी मोजून तिकीटखिडकीवर लिहावी, आणि कमी असेल त्या दिवशी फेऱ्या बंद ठेवून चालकांना ठरावीक भरपाई द्यावी. गंडोल्याच्या तिकिटावर थोडा अधिभार लावला तर हा पैसा उभा राहू शकतो, आणि तो द्यायला पर्यटकांनी कुरकुर करू नये.