न्यायाधीशाचा मतदारसंघ

आमदार मतांनी निवडून येतो, नगराध्यक्ष मतांनी निवडून येतो. त्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण न्यायाधीशही मते मागून निवडून येतो असे सांगितले, की आपल्याकडचा श्रोता दचकतो. आपल्या राज्यघटनेच्या २३३ व्या कलमाप्रमाणे जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. मतपेटीचा तेथे संबंध येत नाही.

अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत तो येतो. तेथे संघराज्याचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने नेमतात. परंतु चोरी, मारामारी, घरभाडे, घटस्फोट हे रोजचे खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात, आणि तेथील न्यायाधीश अनेक ठिकाणी मतदारच निवडतात. १८३२ साली मिसिसिपी राज्याने आपले सर्व न्यायाधीश लोकनियुक्त केले. १८४६ साली न्यूयॉर्कने तीच वाट धरली आणि मागोमाग इतर राज्ये गेली. नेमणूक पुढाऱ्यांच्या हाती असली तर न्यायाधीश त्यांचा मिंधा होतो, म्हणून ती लोकांच्या हाती असावी, असा त्यामागचा विचार.

विचार ठीक, पण ‘लोक’ म्हणजे कोण? साऱ्या जिल्ह्याचे मतदार, की त्याच्या एखाद्या भागाचे? हा प्रश्न वरवर नकाशाचा दिसतो. प्रत्यक्षात न्यायासनावर कोण बसणार, हे त्यावर ठरते.

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस कौंटीत आहे तिचे उदाहरण घेऊ. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. १९८९ साली तेथे ५९ जिल्हा न्यायाधीश होते आणि प्रत्येकाची निवड साऱ्या कौंटीच्या मतदानाने होई. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे २० टक्के होते. ५९ न्यायाधीशांत ते होते अवघे ३. कारण उघड आहे. प्रत्येक जागेसाठी सारी कौंटी मत देणार, तर प्रत्येक जागा बहुमताचीच होणार. अल्पसंख्य समाज एखाद्या पेठेत कितीही दाट राहत असला, तरी त्याची मते मोठ्या डोहात विरघळून जातात.

हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राज्याचे म्हणणे असे, की न्यायाधीश एकटा बसून निकाल देतो. त्याच्या पदाचे वाटे कसे पाडणार? १९९१ साली न्यायालयाने निर्णय दिला, की १९६५ चा मतदान हक्क कायदा न्यायाधीशांच्या निवडणुकांनाही लागू आहे. राज्याची ही अडचण तपासताना विचारात घेता येईल, पण तेवढ्याने कायद्यातून सुटका नाही.

मग कौंटीचे तुकडे पाडावेत, हे ओघानेच आले. येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आमदार आपल्या मतदारांची बाजू मांडतो. ते त्याचे कामच आहे. न्यायाधीशाने कोणाचीच बाजू घ्यायची नसते. तो एका भागातून निवडून आला आणि खटले मात्र साऱ्या कौंटीचे चालवू लागला, तर उरलेल्या भागांतील पक्षकाराने काय समजावे? ज्याला आपण निवडले नाही, पाडूही शकत नाही, त्याच्यासमोर आपण उभे आहोत! शिवाय चार वर्षांनी ज्यांच्या दारी मते मागायची, त्यांच्याकडे न्यायाधीशाचे मन झुकण्याचा धोका असतोच. १९९३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने टेक्सासची जुनी पद्धत कायम ठेवली, ती अंशतः याच कारणाने. कृष्णवर्णीय उमेदवार पडतात ते वर्णामुळे नव्हे, पक्षामुळे, असेही त्या न्यायालयाने म्हटले. पुढे २०१८ साली पक्षाचे वारे फिरले आणि त्याच कौंटीत, त्याच साऱ्या कौंटीच्या मतदानाने, निरनिराळ्या न्यायालयांवर १७ कृष्णवर्णीय स्त्रिया निवडून आल्या. म्हणजे एका लाटेत न्यायासने भरतात. पण तीच लाट अनुभवी न्यायाधीशांनाही, त्यांचे काम न पाहता, वाहून नेते.

शिकागो शहर ज्या कुक कौंटीत आहे, तेथे इलिनॉय राज्याने मधला मार्ग काढला. पन्नास लाखांवर वस्तीच्या या कौंटीचे १९९२ च्या निवडणुकीपासून १५ पोटविभाग करण्यात आले. २०२२ च्या कायद्याने ते २० ठरले. काही न्यायाधीश साऱ्या कौंटीतून निवडले जातात, काही पोटविभागांतून. पोटविभागातून उभा राहणारा तेथलाच रहिवासी असावा लागतो. पण निवडून आल्यावर तो कौंटीतील कोणत्याही कोर्टात बसू शकतो. सहा वर्षांनी मुदत संपली की त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी नसतो. ‘यांना कायम ठेवावे काय?’ एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर असतो. तो विचारला जातो साऱ्या कौंटीला, आणि १०० पैकी किमान ६० मते होकाराची लागतात. आत आणण्याचा अधिकार भागाला, घालवण्याचा साऱ्यांना, अशी ही विभागणी आहे.

मात्र घालवण्याचा अधिकार कागदावर असणे निराळे आणि तो बजावला जाणे निराळे. त्या मतपत्रिकेवर एका वेळी साठ-सत्तर न्यायाधीशांची नावे येतात. कोर्टाची पायरी न चढलेल्या मतदाराने त्यांना ओळखावे कसे? वकिलांच्या संघटना प्रत्येकाच्या लायकीविषयी आपले मत जाहीर करतात, तोच बहुतेकांचा आधार. १९९० नंतर २०१८ पर्यंत एकही न्यायाधीश या कसोटीत पडला नव्हता. सगळेच इतके उत्तम होते असे मानणे भाबडेपणाचे होईल. बहुतेक मतदारांना काहीच ठाऊक नव्हते, हे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

तेव्हा न्यायाधीश निवडण्याची कोणतीही रीत पारखताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. न्यायासनाचा रस्ता सर्व समाजांना खुला आहे काय? आणि त्यावर बसलेल्याचे काम पाहून, जाणून, त्याचा हिशेब घेणारे कोणी आहे काय? मतदारसंघाची सीमा नीट आखली, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही नकाशात नाही. त्यासाठी नागरिकाने अधूनमधून कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसावे लागते.