नळामागचा करंट: पाणी शुद्ध करणाऱ्या विजेच्या सहा गमती

वर्धा शहर धाम नदीचं पाणी पितं. पवनार आणि येळाकेळीला ते उचललं जातं, शुद्ध होतं आणि टाकीत चढतं. वाटेत जागोजागी मोटर लागते. कुठली मोटर, किती जाड केबल, कसला पॅनेल, हे इलेक्ट्रिकल डिझाइन इंजिनिअर आधीच कागदावर ठरवतो. त्याच्या कामातल्या या काही भन्नाट गोष्टी!

पंप खाली, मोटर माडीवर. नदीकाठच्या जॅकवेलमध्ये व्हर्टिकल टर्बाइन पंप पाण्यात बुडालेला असतो. मोटर मात्र पूररेषेच्या वरच्या मजल्यावर. दोघांना जोडतो लांबलचक शाफ्ट.

वैशाखाचा हिशेब. मोटरची क्षमता साधारणपणे 40 अंश तापमान धरून ठरते. वर्ध्याचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. म्हणून इथे मोटर 50 अंशांची मागवायची, नाहीतर एक नंबर मोठी घ्यायची.

आधी घाई, मग सबुरी. तुरटी पाण्यात मिसळताना फ्लॅश मिक्सर गरागरा फिरतो. पुढच्या टाकीत गाळाचे पुंजके जमवायचे, तर पाती अगदी संथ हवीत. मिनिटाला 1440 च्या आसपास फिरणारी मोटर तिथे गिअरबॉक्स लावून मोजक्या फेऱ्यांवर आणतात. वेग वाढला की पुंजके फुटलेच!

पंखा जमिनीलगत. क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड. गळती झाली की तो खाली साचतो. म्हणून क्लोरीनच्या खोलीत हवा खेचायची ती जमिनीलगतून, आणि पंख्याचं बटण दाराबाहेर. आत शिरण्याआधीच खोली मोकळी झाली पाहिजे.

काळ्या मातीची अर्थिंग. कापसाची ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भेग पडली की इलेक्ट्रोडची मातीवरची पकड सुटते. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यालाही उन्हाळ्यात पाणी पाजावं लागतं.

एका युनिटची ताकद. एक युनिट वीज हजार लिटर पाणी तत्त्वतः 367 मीटर उंच चढवते. पंप-मोटरमधली तूट धरली तरी दोनशे मीटर कुठे गेले नाहीत. पंप चुकीचा निवडला, तर हाच आकडा झपाट्याने घसरतो आणि वीजबिल फुगतं.

इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या मुलामुलींनो, परवानगी काढून आपल्या गावचं जलशुद्धीकरण केंद्र एकदा पाहून या. पुस्तकातली मोटर, स्टार्टर आणि अर्थिंग तिथे रोज हजारो घरांची तहान भागवतात. या कामाला हुशार माणसं हवीच आहेत.