व्यसनातून उठणाऱ्या माणसाला जित्राबाची सोबत



लावण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि तोडणीचा कार्यक्रम यांची माहिती आम्ही या पानांतून नेहमी देत असतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे, पण तो उसापासून फार लांबचा नाही. सातारा-सांगलीच्या गावांतून फिरताना बांधावरच्या गप्पांत उताऱ्याबरोबर दुसरीही गोष्ट कानावर येते. कोणाचा कर्ता माणूस दारूत बुडाला, पाण्याची पाळी हुकली, तणाने लावण गिळली आणि बिलातली निम्मी रक्कम घरी पोचलीच नाही. एकरी टनेज घसरले की आपण हुमणीला आणि खताला बोल लावतो. दर वेळी दोष हुमणीचा नसतो, हे घरच्या माउलीला विचारा.

दारू सोडलेल्या माणसाला घरी आल्यावर काय आधार द्यावा, एवढ्यापुरतेच आज लिहीत आहोत.

आधी दवाखाना

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. दारू हा आजार आहे आणि त्यावर इलाज डॉक्टरांकडे आहे. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर पहिल्या ६ ते २४ तासांत हातपाय कापतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात. दोन-तीन दिवसांनी भास होऊन बडबड सुरू होते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जिवावर बेतते. तेव्हा "खोलीत कोंडून घाला, आपोआप सुटेल" हा सल्ला धोक्याचा आहे. तसेच दारू सोडविण्याची गोळी माणसाच्या नकळत भाजीत कालवून देऊ नये. अशी गोळी पोटात असताना तो प्याला तर रक्तदाब एकदम उतरून प्राणावर येऊ शकते.

पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने 'परिवर्तन' संस्थेचे व्यसनमुक्तीचे काम उभे राहिले. अशा ठिकाणी दाखल होण्यात कमीपणा नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभाही आहेत. १९३५ साली अमेरिकेत ही चळवळ सुरू झाली. तिथे दारू सोडलेलाच माणूस दुसऱ्याला हात देतो.

खरी कसोटी घरी

केंद्रात दिवस आखलेला असतो. उठण्याची, जेवणाची, बोलण्याची वेळ ठरलेली. घरी आल्यावर तसे राहत नाही. पैसा बायकोच्या खात्यावर, गाडीची किल्ली पोराकडे, रान भावाने कसायला घेतलेले. हे सारे बरोबरच असते, कारण घराने फार सोसलेले असते. पण मग त्या माणसाच्या हाताला काय उरते? दिवस कलला की पूर्वी ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे ती वेळ येते. घरातले त्याच्या तोंडाचा वास घेतात. पारावरची माणसे "किती दिवस टिकतंय बघू" म्हणतात. माणूस आत कुढतो आणि पुन्हा घसरतो.

अशा वेळी गोठ्यातले एखादे जित्राब कामी येते, असे आमचे सांगणे आहे. कारण साधे आहे. जनावराला काल काय झाले त्याचा हिशेब मागता येत नाही. त्याला आज, आत्ता, वैरण पाहिजे. नेमकी कातरवेळ हीच धारेची आणि वैरणीची वेळ असते. चार वाजले की कालवड दाव्याला ओढ देते आणि हंबरते. तिच्या लेखी तो दारुडा नाही, तो वैरण आणणारा माणूस आहे. ज्याच्यावर कोणीच काही सोपवत नाही, त्याच्यावर कोणीतरी अवलंबून आहे ही जाणीव फार मोठी असते.

मात्र जनावर भाबडे नसते. नशेत ज्याने त्याला चाबकाने फोडले, त्याचा हात वर झाला की ते अंग चोरते. मग रोज चुचकारून, खरारा करून, महिना-दोन महिन्यांनी ते मान पुढे करते. गेलेला विश्वास किती सावकाश परत येतो, हे त्या माणसाला तिथे कळते. बायको-पोरे लगेच का विश्वास ठेवत नाहीत, याचाही उलगडा होतो.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका घरी आम्ही हे पाहिले. गृहस्थ उपचार घेऊन आले, तेव्हा पत्नीने सगळे व्यवहार स्वतःकडे ठेवले आणि एक संकरित कालवड तेवढी त्यांच्या स्वाधीन केली. पहिल्या वर्षी बिल जमा झाल्यावर ते एकदा घसरले. चार दिवस पत्नीने कालवडीला पाणी-वैरण केली, पण ती विकली नाही आणि टोमणाही मारला नाही. गृहस्थ पुन्हा डॉक्टरांकडे गेले, परत आले आणि तिच्यापुढे वाढे टाकू लागले. आज ती गाय दुसऱ्या वेताची आहे. हे एकट्या गाईने केले असे आम्ही म्हणणार नाही. डॉक्टर होते, पत्नी होती. पण रोज पहाटे पाच वाजता त्यांना उठविले ते गाईनेच.

शास्त्र काय सांगते

नॉर्वे देशात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आजाराचे ९० रुग्ण होते. त्यांपैकी ६० जणांना शेतावर गाई व इतर जनावरांच्या कामास पाठविले. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तीन तास, असे १२ आठवडे. काम संपल्यानंतर सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा 'मला हे जमेल' हा आत्मविश्वास त्यांच्यात वाढलेला आढळला. हे रुग्ण दारूचे म्हणून निवडलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे. तरी हरवलेला आत्मविश्वास हे दारूतून उठणाऱ्याचेही दुखणे असतेच. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २००३ साली दाखविले की, कुत्र्याला शांतपणे कुरवाळताना माणसाचा रक्तदाब उतरतो, ताण दाखविणारे द्रव्य कमी होते आणि मायेशी संबंधित द्रव्य माणूस व कुत्रा दोघांतही वाढते.

आपल्याकडेही एक मोठे उदाहरण आहे. गाडगे महाराजांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. घर मोडले. लहानगा देबू मामाच्या घरी दापुरे गावी वाढला, तो गुरे राखत आणि शेतात राबत. पुढे स्वतःच्या लेकीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्याने गोड जेवण घातले. त्याच बाबांनी जन्मभर कीर्तनातून दारू सोडा आणि मुक्या जिवाची हत्या करू नका, असे सांगितले. कराडच्या महाविद्यालयाला १९५४ साली कर्मवीर भाऊरावांनी त्यांचे नाव दिले. दारूची झळ आणि मुक्या जनावराची माया या दोन्ही गोष्टी ज्यांनी लहानपणीच जाणल्या, त्यांचा हा उपदेश होता.

सभासदांनी काय करावे

१) घरी आल्या-आल्या जनावर गळ्यात घालू नका. औषधे बसू द्या, झोप लागू द्या, हात स्थिर होऊ द्या. मग माणसाला विचारूनच द्या.

२) सुरुवात एकाच जनावराने करावी. कालवड, रेडकू किंवा एखादी उस्मानाबादी शेळी चालेल. जनावरासाठी कर्ज काढू नये. गोठा नसल्यास गावठी कुत्र्याचे पिल्लू पाळावे. त्याला रेबीजची लस टोचावी. कराड, पाटण, शिराळा भागात उसात बिबट्या असतो, तेव्हा रात्री कुत्रे बाहेर बांधू नये.

३) तापट खिलार खोंड आणि शर्यतीचा नाद सध्या नको. मैदान झाले की पैज आणि बाटली मागोमाग येतात.

४) दुधाचे बिल व उसाचे बिल बँकेत जमा व्हावे. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावयाची असते. ज्या आठवड्यात मोठी रक्कम येणार, तोच जोखमीचा आठवडा. त्या दिवसांत त्या माणसाला एकटे सोडू नये.

५) तो घसरलाच तर जनावर उपाशी राहता कामा नये. घरातील दुसऱ्याने वैरण-पाणी बघावे. जनावर विकण्याची धमकी देऊ नये. मारहाण होत असेल तर मात्र जनावर लगेच दुसरीकडे हलवावे आणि माणसाला डॉक्टरांकडे न्यावे.

६) हंगामात नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये. वाढ्यांतील ऑक्झालेटमुळे जनावराला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो. वाढ्यांची कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडावी व हिरवी वैरण जोडीला द्यावी. ही छोटी कामेसुद्धा त्या माणसालाच शिकू द्या.

गावात असा एखादा सभासद उपचार घेऊन परत आला असेल, तर "सुटली का?" असे विचारू नका. "कालवड कशी हाय? गाभण राहिली का?" असे विचारा. त्याला सांगायला काहीतरी चांगले असेल.

आमचे शेती मदतनीस गटात फिरत असतात. चारापिकाचे बियाणे, कुट्टी व जनावरांच्या लसीकरणाविषयी काही अडचण असल्यास त्यांना सांगावे. घरातील दुखण्याविषयी बोलावेसे वाटले तरी संकोच करू नये. ती गोष्ट चावडीवर जाणार नाही.