खर्चाला तात्पुरता मनाई हुकूम

धनादेश वटला नाही म्हणून कलम 138 खाली फिर्याद दाखल करणे हा आमच्या वकिलीतला नित्याचा भाग आहे. गेल्या वर्षी जूनच्या 10 तारखेला अशाच एका प्रकरणात आम्ही फिर्यादीची बाजू मांडली आणि आरोपीला उद्देशून बरेच काही बोललो. खात्यात पैसे नसताना देण्याचा शब्द देणारा माणूस कसा असतो, वगैरे. दुपारी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील कोर्टाबाहेर चहाच्या ठेल्यावर उभे होतो. मोबाइलवर बँकेचा संदेश आला. आमच्या घराच्या कर्जाचा 21,400 रुपयांचा हप्ता, खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत गेला होता. वर 590 रुपये दंड. पाचशे बँकेचे आणि नव्वद जीएसटीचे. ठेल्यावरच्या आठ जणांच्या चहाचे पैसे त्याच मोबाइलवरून आम्ही नुकतेच दिले होते!

वाचकांपैकी अनेकांना वाटते की खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तर फार तर दंड बसतो. तसे नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, 2007 च्या कलम 25 नुसार पुरेशा रकमेअभावी इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला, नोटीस मिळूनही 15 दिवसांत रक्कम भरली नाही, तर तो धनादेशासारखाच गुन्हा ठरतो. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या कायद्याची भीती आम्ही दुसऱ्याला घालत होतो, तो त्या दुपारी आमच्याही दाराशी येऊन उभा राहिला होता. हप्ता दोन दिवसांत भरला, प्रकरण तिथेच मिटले. पण मनातून गेले नाही.

घरी सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, जून आहे, मुलीची फी भरली, म्हणून झालं." आम्हीही तेच म्हणत होतो. पण फी तर दरवर्षी जूनमध्येच येते. ती काही अचानक आलेली आपत्ती नव्हे. मग पैसा गेला कुठे? याचे उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हते. दोघेही पदवीधर, दोघेही कमावते, आणि दोघेही निरुत्तर!

तेव्हा ठरवले, 1 जुलै ते 31 जुलै खर्चबंदी. आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खालचा तात्पुरता मनाई हुकूम. असा हुकूम दाव्याचा निकाल लावत नाही. वादातली मालमत्ता जागच्या जागी राहावी, तिची विल्हेवाट लागू नये, तोवर पुरावा पाहता यावा, एवढाच त्याचा हेतू. अनेक लोक खर्चबंदीला उपवास समजतात आणि म्हणून महिनाअखेर ती सोडून पोटभर जेवतात. आम्हाला पुरावा हवा होता.

किराणा, दूध, भाजी, औषध, वीज, पेट्रोल, मुलीची शिकवणी यांना मुभा. कपडे, बाहेरचे जेवण, घरपोच मागवलेल्या वस्तू, मोबाइलवरची कसलीही खरेदी बंद. आठवड्याचे सावजी बंद (हा निर्णय एकमताने झाला नाही). मायला गावी पाठवायचे पैसे आणि विहाराचे मासिक दान यावर वाद झाला. आमचे म्हणणे होते, बंदी म्हणजे बंदी. पत्नी म्हणाली, "दान थांबवून हप्ता भरायची वेळ आली असेल, तर आधी तुमचा मोबाइल विका." दान चालू राहिले. आणि जे आधीचे देणे आहे, कर्जाचा हप्ता, कार्डाचे बिल, ते थांबवायचे नाहीच. बंदी नव्या खर्चावर असते, जुन्या जबाबदारीवर नसते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हप्त्याची आपोआप वसुलीच बंद करून टाकणारे अशील आमच्याकडे आले आहेत.

पहिल्याच रात्री तीन महिन्यांचे खातेउतारे घेऊन बसलो. सात ठिकाणी ऑटोपे लागलेले निघाले. त्यातले चार आम्हाला आठवतही नव्हते. एक महिना फुकट म्हणून घेतलेली चित्रपटांची सेवा, दीड वर्षापूर्वी सोडलेली व्यायामशाळा, फोटो साठवण्याची जागा, आणि कुणी घेतले हे अजूनही न कळलेले एक इंग्रजी शिकवणारे अ‍ॅप. चौघांचे मिळून महिन्याला 1,846 रुपये. अशा ठरावीक वसुलीच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे. सूचना येतही होत्या. बक्षिसाच्या आणि लोनच्या शंभर संदेशांत त्या दबून गेल्या होत्या. चारही परवानग्या रद्द करायला वीस मिनिटे लागली.

लहान खर्चाची गोष्ट अधिक विचित्र. दोनशे रुपयांच्या आतली मोबाइलवरून केलेली देणी जूनमध्ये 96 होती, बेरीज 7,900. त्यातला मोठा भाग यूपीआय लाइटचा. 2022 मध्ये ही सोय आली. पिन टाकावा लागत नाही, आणि बँकेच्या उताऱ्यात प्रत्येक देणे वेगळे दिसत नाही, फक्त आपण त्यात टाकलेली रक्कम दिसते. म्हणजे देताना हात अडत नाही आणि नंतर पुरावाही सापडत नाही. खिशातून शंभराची नोट काढताना नोट कमी झालेली दिसायची. जुलैपुरते लाइट बंद केले आणि एक वही घातली. मुलगी लिहिणार, आम्ही सांगणार.

वहीने जे दाखवले ते आम्हाला आवडले नाही. आमचा सगळ्यात मोठा फुटकळ खर्च चहाचा होता, आणि तो स्वतःच्या चहाचा नव्हता. चळवळीतला वकील ठेल्यावर उभा असला की पैसे त्यानेच द्यायचे, हा अलिखित नियम. कुणी तो लादला नाही, आम्हीच वीस वर्षे पाळला. पहिल्या पिढीतला शिकलेला माणूस आपल्या शिक्षणाचा पुरावा खिशातून देत असतो, हे आम्हाला त्या वहीत दिसले. 3 जुलैला आम्ही ज्युनियरला म्हटले, "आज तू दे." त्याने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही सनद परत करतो आहोत. आठवडाभरात कोर्टात कुजबुज सुरू झाली की साहेबांची वकिली बसली! ही कुजबुज सहन करणे सावजी सोडण्यापेक्षा जड गेले.

17 तारखेला बंदी मोडली. मित्राच्या मुलीचे लग्न ठरले आणि आम्ही दुकानात जाऊन साडेतीन हजारांचा आहेर घेऊन आलो. पत्नीने वहीत लाल शाईने नोंद केली. बाकी जे घ्यावेसे वाटले ते मागच्या पानावर लिहीत गेलो. महिनाअखेर त्या पानावर 23 वस्तू होत्या. पैकी पाच घेतल्या. 'शेवटचे दोनच शिल्लक', 'दहा मिनिटांत संपणारी सूट' अशी खोटी घाई लावणे हे दिशाभूल करणारे तंत्र आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. अशी एकूण तेरा तंत्रे त्यात नोंदवली आहेत. कायदा झाला, घाई काही कमी झाली नाही. मागच्या पानावरच्या अठरा वस्तूंपुरती तरी ती घाई खोटी होती.

याच महिन्यात कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणातली एक अशील आली. चार घरची धुणीभांडी करते, बचत गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता आहे. आम्ही मोठ्या उत्साहाने तिला खर्चबंदीची कथा सांगितली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "वकीलसाहेब, आमच्याकडे तर बाराही महिने बंदच असते." आम्ही ओशाळलो. जिथे खर्च करायलाच पैसा नाही, तिथे खर्चबंदीचा उपदेश ही क्रूर थट्टा आहे. तिचा प्रश्न मजुरीचा आहे, नवऱ्याकडून मिळायच्या पोटगीचा आहे. तो कोर्टात आणि रस्त्यावर सुटेल, वहीत नाही. हा लेख तिच्यासाठी नाही. तो आमच्यासारख्या पगारदार, व्यावसायिक मंडळींसाठी आहे, ज्यांच्या हातात पैसा येतो आणि थांबत नाही. यांच्यातलेच काही जण कार्डाच्या बिलावर फक्त 'किमान देय' भरून निश्चिंत होतात. बाकी रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढते, आणि पूर्ण बिल भरेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. सावकाराच्या नावाने बोटे मोडणारे आम्ही वर्षाला चाळीस टक्क्यांवर व्याज हसतमुखाने देतो.

आता 1 ऑगस्टची कबुली. बंदी उठली त्या सकाळी आम्ही 4,200 रुपये उडवले. बूट, जेवण, आणखी काय काय. मनाई हुकूम उठल्यावर पुढचा आदेश तयार नसेल तर असेच होते. तो आदेश आम्ही त्या संध्याकाळी केला. हप्त्यासाठी वेगळे खाते उघडले. फी आली की आधी तिथे रक्कम जाते, उरले त्यात घर चालते. वकिलाची फी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून दोन हप्त्यांइतकी रक्कम त्यात कायम ठेवायची. जूनच्या फीसाठी दरमहा थोडे बाजूला. सिगाल सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा आपत्काळासाठी. उपभोगाचा भाग त्यांनी काढून टाकलेला नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आमच्या मिळकतीत ते प्रमाण बसत नाही, घराचा हप्ताच एक भाग गिळतो. चौथा भाग सध्या दहावा आहे.

ठेल्यावर आता ज्याची पाळी तो देतो. ज्युनियरची सवय झाली, आमची अजून पुरती झाली नाही. पुढची खर्चबंदी फेब्रुवारीत घ्यायचे ठरले आहे. पत्नी ऑक्टोबर म्हणत होती, पण ऑक्टोबरमध्ये गावाकडची मंडळी घरी उतरतात आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांचे ठेले लागतात. तिथून रिकाम्या हाताने परतायचे आम्हाला जमणार नाही, हे तिने वहीत आधीच लिहून ठेवले आहे.