कोठारात राहिलेले भित्तिपत्रक

भित्तिपत्रक छापतात ते भिंतीवर डकवून ऊनपावसात झिजविण्यासाठी. त्यामुळे युद्धकाळातील प्रचारपत्रके जमविणाऱ्याच्या हाती पुष्कळदा लागते ते न वापरलेलेच. ब्रिटिश सरकारचे १९३९ सालचे ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे याचे नामी उदाहरण होय. लाल पार्श्वभूमी, वर राजमुकुट आणि खाली पाच शब्द. धीर सोडू नका, आपले काम चालू ठेवा, हा त्यांचा आशय. सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या गेल्या; परंतु त्या घोर बाँबवर्षावाच्या दिवसांकरिता राखून ठेवल्या होत्या. पुढे १९४० मध्ये कागदाच्या टंचाईपायी बहुतेकांचा लगदा झाला!

२००० साली इंग्लंडमधील अ‍ॅनिक गावी, जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात, लिलावात घेतलेल्या पेटीच्या तळाशी एक प्रत निघाली. मालकांनी ती चौकटीत बसवून टांगली. गिऱ्हाइके मागू लागली, आणि प्रतिकृती निघाल्या. युद्धात जे लोकांनी फारसे पाहिलेही नाही, तेच आज त्या युद्धाचे प्रतीक मानले जाते, हा मोठाच दैवविलास!

संग्राहकाची पंचाईत मात्र इथूनच सुरू होते. अस्सल आणि नक्कल, दोहोंचा मजकूर एकच. म्हणून जाणता संग्राहक अक्षरांवर विसंबत नाही. तो कागदाचा पोत चाचपतो, घड्यांच्या खुणा पाहतो, आणि लाल रंग एकसंध आहे की बारीक ठिपक्यांचा, हे भिंगाखाली धरून निरखतो.